पिपा, पाट आणि पट्टी : कमी पैशांत कार्डांचा कोपरा
(बचत गटांतल्या महिलांसाठी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

हाताने शुभेच्छा-कार्डं बनवायला घरात एक कोपरा लागतो, आणि त्याची सुरुवात कागद ठेवण्याच्या जागेपासून. समोर टेबलावर ठेवलेला हा पिपा तुमच्या सगळ्यांच्या घरी आहे. पंधरा किलो तेलाचा, चौकोनी. हा साधारण साडेतेवीस सेंटिमीटर लांब-रुंद आणि पस्तीस सेंटिमीटर उंच असतो. आता ए-४ कागद घ्या, तो २१ बाय २९.७. म्हणजे पिपा आडवा केला, पुढचं तोंड कापलं, की ए-४ कागद त्यात सपाट झोपतो आणि चारही बाजूंनी बोट घालायला जागा उरते. कागद ठेवायला दुकानात जे प्लास्टिकचे ट्रे मिळतात ते यापेक्षा चांगले नाहीत, आणि त्यांत उंदीर शिरतो.

तोंड कापताना कडा पत्र्याच्या सुरीसारख्या राहतात. कापणाऱ्याला सांगा, अर्धा इंच पत्रा आत वळवून हातोडीने ठोकून दे. तेलाचा ओशटपणा नुसत्या साबणाने जात नाही. गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकून पिपा रात्रभर भरून ठेवायचा, सकाळी राखेने घासायचा, मग दोन दिवस उन्हात. तरीही आतून बोट फिरवून टिपकागदावर दाबून पाहा. डाग उमटला तर पुन्हा सोडा. कार्डाच्या कागदावर तेलाचा एक ठिपका बसला की तो कशानेच निघत नाही.

पिप्याच्या आत दोन कप्पे करायचे. खोक्याचा जाड पुठ्ठा ३४ बाय ३७ सेंटिमीटरचा कापा, ३७च्या दोन्ही टोकांना सात-सात सेंटिमीटर खाली दुमडा. झालं बिनपायांचं छोटं टेबल. अशी दोन एकावर एक ठेवली की तीन मजले होतात. एकाच मजल्यावर सगळा कागद रचला तर खालचा ताव काढताना वरचे वीस चुरगळतात. हे तीन मजले रंगाप्रमाणे लावायची हौस अनेकींना असते. रंगाप्रमाणे लावू नका, कामाप्रमाणे लावा : वर कोरा पूर्ण कागद, मधे कापून घडीची रेघ मारलेला, खाली तयार कार्डं. मग कोणतं काम अडलंय ते नुसतं बघून कळतं.

आता पैशांचं. समजा गटाने हजार रुपये दिले. आमचं मत असं की त्यातले निम्मे कापण्याच्या सामानावर जावेत : स्टीलची पट्टी, मोडत्या पात्याचा कटर, पात्यांचा एक जादा डबा आणि जमलं तर ए-३ मापाची, म्हणजे ए-४च्या दुप्पट, कटिंग मॅट. पट्टी प्लास्टिकची नको, कटर तिची कड खातो आणि पुढची प्रत्येक रेघ वाकडी येते. मॅट परवडली नाही तर जाड पुठ्ठ्यावर कापा, पण पुठ्ठा दर पंधरा दिवसांनी बदला, कारण जुन्या चरीत पातं घसरतं आणि तुमची रेघ सोडून चरीच्या वाटेने जातं. काच किंवा फरशीवर कापलं तर रेघ सरळ येते, पण चार-पाच कार्डांत पातं बोथट. बोथट पात्याने कापणारी जोर लावते, आणि बोट तेव्हाच कापतं. धारदार पातं हलकंच दोन-तीनदा फिरवायचं, एकदम आरपार नाही.

उरलेल्या निम्म्यातून कागद आणि चिकटवण्याचं सामान. सजावटीवर पहिल्या वर्षी जवळजवळ काही खर्च करू नका. लग्नपत्रिकांचे गठ्ठे घरोघरी पडून असतात, सोनेरी किनार, जाळीचे कागद, गोंडे सगळं त्यांतून निघतं. गणपतीचं चित्र कापायला जीव धजत नाही, ते ठीकच आहे. ते पान वेगळं काढून ठेवा, किनारी घ्या. साडीचं खोकं, शर्टाच्या घडीतला पुठ्ठा, मिठाईचा डबा हे सारं चालतं. चालत नाही ते एकच : फवारणीच्या औषधाची खोकी आणि बाटल्या, कितीही धुतल्या तरी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, हे इथे कोणाला नव्याने सांगायला नको. कार्ड लहान मुलाच्या हातात जातं, ते तोंडात घालतं.

कागद कुठून घ्यायचा? किरकोळ दुकानातला ए-४ कार्डपेपर सगळ्यांत महाग पडतो. २२ बाय २८ इंचांची मोठी शीट घ्या, २५० जीएसएमची, म्हणजे एका चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाची. याचं गणित फार सोयीचं आहे. ११ बाय ७चे तुकडे केले की २८त चार आणि २२त दोन, एकूण आठ. एक दोराही वाया जात नाही. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडला की साडेपाच बाय सातचं कार्ड. हेच कार्ड पाच बाय सातचं करायला गेलात तर तेवढीच आठ बसतात आणि वर दोन इंचांची पट्टी उरते, जिचं काय करायचं हे कोणालाच माहीत नसतं. तालुक्याच्या छापखान्यात कटिंग मशीन असतं. शीट तिथेच कापून आणा. पन्नास शीट एका दाबात सरळ कापल्या जातात, घरी कटरने तेच काम दोन दिवसांचं. कापलेले तुकडे पिप्यातही नेमके बसतात. छापखान्यातच पट्ट्या आणि कटपीस रद्दीच्या भावात मिळतात का विचारा. लग्नसराईच्या आधी गेलात तर चांगला माल असतो.

कापून घेताना एक गोष्ट सांगायची राहिली तर सगळी कार्डं फुकट जातात, म्हणून इथे जरा थांबू. कागद बनतो तेव्हा त्याचे तंतू एका दिशेने पडतात. छापखान्यात याला ग्रेन म्हणतात. तंतूंच्या दिशेने घडी घातली तर ती गुळगुळीत बसते, आडवी घातली तर घडीवर पांढऱ्या भेगा पडतात आणि कार्ड मिटत नाही, तोंड उघडं ठेवून बसतं. ओळखायचं कसं? शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवा, घडी न पाडता. ज्या बाजूने सहज वाकते, ती वळकटीची रेघ तंतूंच्या दिशेने आहे. शंका राहिली तर कोपऱ्याचा तुकडा फाडा : तंतूंच्या दिशेने सरळ फाटतो, आडवा फाडला की दातेरी. ११ बाय ७च्या तुकड्यात घडी सात इंचांच्या बाजूला समांतर येते, आणि ती सात इंच शीटच्या २८च्या दिशेने आहेत. म्हणून २२ बाय २८ची शीट घेताना तंतू २८च्या बाजूने धावतात का, हे दुकानातच वाकवून बघा. हातकागदाला ही दिशा जवळजवळ नसते, तो कुठूनही दुमडतो. १९३४ साली वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, तिथे हातकागदाचं काम झालं. पण त्यावर पेनची शाई फुटते का, हे तुकड्यावर लिहून बघूनच घ्या.

घडीची रेघ मारायला विकतचं हत्यार नको. शाई संपलेलं बॉलपेन पुरतं. पट्टी धरायची, पेन दाबून दोनदा फिरवायचं. एका बाजूला चर पडते, मागे बारीक उंचवटा येतो. घडी घालताना हा उंचवटा आत गेला पाहिजे, चर बाहेर. सगळ्या जणी उलटं करतात, कारण चर दिसली की हात आपोआप तिकडे वळतो.

जागेचं म्हणाल तर शिलाई मशीनचं टेबल मिटवून त्यावर काम उत्तम होतं, उंची बरोबर असते. फक्त मशीनचं तेल कागदाला लागतं, म्हणून वर एक जाड कापड आणि त्यावर पुठ्ठा. मशीन नसेल तर पाटावर चिकटवायचं काम करा, कापायचं नको. मांडी घालून बसल्यावर वरून जोर देता येत नाही, पट्टी सरकते. कापताना गुडघ्यावर उभं राहा. उजव्या हाताने काम करणारीला उजेड डावीकडून हवा, नाहीतर स्वतःच्या हाताची सावली रेघेवर पडते. वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा कापणं सगळं दिवसा, संध्याकाळी फक्त टिकल्या आणि फिती.

आपल्याकडे पैसा खरा जातो तो सामान विकत घेण्यात नाही, आणलेला कागद खराब होण्यात. उन्हाळ्यात टिनांच्या खोलीत दुपारी हात ठेववत नाही. तिथे दुहेरी टेपचा चिकटा वितळून कडेने बाहेर येतो आणि त्यावर धूळ बसते, मग टेप उघडतच नाही. ग्लूस्टिक डबीतच बसकण मारते. हे दोन्ही माठाजवळच्या थंड कोनाड्यात, पण झाकण असलेल्या डब्यात ठेवा. कागद मात्र माठापासून लांब. कूलर तर कागदाचा उघड वैरी. कूलरसमोर तासभर ठेवलेला ताव ओल पितो, तंतूंना आडव्या दिशेने फुगतो, आणि संध्याकाळी पंखा लावला की वाळून वाळ्यासारखा वळतो. म्हणून कूलरचा झोत जिथे पोचतो तिथे कागद उघडा ठेवायचा नाही. बाहेरून आणलेली शीट कापण्याआधी एक दिवस त्याच खोलीत सपाट पडू द्या. मे महिन्यात घड्या सकाळी लवकर घाला. भरदुपारी कागद इतका कोरडा असतो की तंतूंच्या दिशेनेही फुटतो.

दिवाळीनंतर घरात कापूस येतो. ज्या खोलीत कापसाचा ढीग आहे तिथे गोंदाचं काम करूच नका. तंतू दिसत नाहीत, पण चिकटवलेल्या प्रत्येक कडेवर उभे राहतात, काळ्या कागदावर तर पांढऱ्या मिशा. शिवाय मेणबत्ती किंवा तापणारी ग्लू गन कापसाजवळ म्हणजे घराला आग. सपरीत, म्हणजे ओसरीत बसा. आधी झाडून घ्या, अर्धा तास धूळ खाली बसू द्या, मग सामान काढा. काम चालू असताना झाडू नको, ओलसर फडक्याने पुसा.

पावसाळ्यात पिपा जमिनीवर नको. चार विटांवर, भिंतीपासून चार बोटं लांब. सारवलेल्या जमिनीची ओल पत्रा थंड करते आणि आतून घाम येतो. अंतर ठेवायचं दुसरं कारण उधई, म्हणजे वाळवी. ती भिंतीवरून मातीची नळी बांधत येते, मोकळी जागा असली की नळी दिसते, पिपा चिकटलेला असला की कागद चाळणी झाल्यावरच कळतं. कसर मैद्याच्या खळीवर येते. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, पण ते विष आहे, कार्डाला नको. कडुनिंबाचा पाला ठेवणार असाल तर सावलीत कडकडीत वाळवून. ओला पाला ठेवला तर तोच बुरशी आणतो.

फेविकॉल पाण्यासारखा पातळ करू नका. त्यातल्या पाण्यानेच कार्ड लाटांचं होतं. जुन्या पत्रिकेच्या तुकड्याने कडेला पातळ ओढायचा, मधे जवळजवळ नाही. मग दोन कोऱ्या कागदांमधे कार्ड, वर पाट, पाटावर वरवंटा, वीस मिनिटं. कात्रीला टेपचा चिकटा लागला की खोबरेल तेलाचा एक थेंब, आणि मग कोरड्या कापडाने चकचकीत पुसून, नाहीतर पुढच्या कार्डावर तेल. फिती आणि सॅटिन कापायला वेगळी कात्री ठेवा, मुठीला लाल दोरा बांधा.

पाकिटाचंही आधीच ठरवा. साडेपाच बाय सातचं पाकीट घरच्या ए-४ कागदातून निघत नाही, त्याला मोठा कागद लागतो. पाकिटं घरीच करायची असतील तर ए-६ कार्ड घ्या, म्हणजे दुमडल्यावर १०.५ बाय १४.८ सेंटिमीटरचं. ए-४ कागदातून २१ सेंटिमीटरचा चौरस काढा, कार्ड त्यात तिरकं ठेवा, चार कोपरे आत दुमडा, आड येणारे बारीक त्रिकोण कापा. राखीसाठी हेच बरं. पोस्टात साध्या पत्राच्या दराचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा आहे. २५० जीएसएमचं मोठं कार्ड साडेबारा ग्रॅम, त्याचं पाकीट पाच-सहा, म्हणजे राखी ठेवण्याआधीच अठरा. ए-६ कार्ड पाकिटासकट बारा ग्रॅमच्या आतच राहतं, राखीला आठ ग्रॅम उरतात.

तुकड्यांसाठी बुटांचं एक खोकं, एकच. ते भरलं की नवं खोकं आणायचं नाही, त्यातलंच वापरायचं किंवा अंगणवाडीत द्यायचं. दोन इंचांखालचा तुकडा ठेवूच नका. तो शोधण्यात जाणारा वेळ कागदापेक्षा महाग आहे.

गटाच्या कामात पात्यांची नोंद एकीच्याच हाती ठेवा, दिलेलं आणि परत आलेलं. मोडलेल्या पात्याचे तुकडे आणि पिना झाकणाच्या जुन्या डबीत साठवा, डबी भरली की झाकण टेपने बंद. केर उकिरड्यावर टाकताना त्यात एक तुकडा गेला तर तो शेणखताबरोबर वावरात जातो, आणि पेरणीला पाय अनवाणी असतात. चमकी तर उकिरड्यावर नकोच, ती कुजत नाही.