इंगुरीच्या पुलावरचा कायदा

हा इंगुरी नदीवरचा पूल. अलीकडे जॉर्जियातलं झुगदिदी, पलीकडे जॉर्जियातून फुटून निघालेला अबखाझिया. पूल ओलांडला की जॉर्जियाचं चलन लारी संपतं आणि रशियन रुबल सुरू होतो. जगातल्या बहुतेक सगळ्या सरकारांच्या लेखी मात्र नदीचे दोन्ही काठ जॉर्जियाचेच.

१९९२-९३च्या युद्धात अबखाझिया हातचा गेला. दोन लाखांहून अधिक जॉर्जियन लोक घरदार सोडून निघाले. ऑगस्ट २००८मध्ये थेट रशियाशी युद्ध झालं. २६ ऑगस्टला रशियाने अबखाझिया आणि जॉर्जियातून फुटलेला दुसरा प्रदेश दक्षिण ओसेतिया यांना स्वतंत्र राष्ट्रं म्हणून मान्यता देऊन टाकली. रणांगणात हरलेल्या जॉर्जियाने मग संसदेचा रस्ता धरला. २३ ऑक्टोबरला ‘व्याप्त प्रदेशांचा कायदा’ मंजूर झाला.

हा कायदा सांगतो: परदेशी माणसाला अबखाझियात जायचं तर झुगदिदीकडूनच. रशियातल्या सोचीहून शिरलात, तर फौजदारी गुन्हा. (जॉर्जियात डॉक्टरकी शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.) कायदा डावलून केलेलं खरेदीखत रद्दबातल. तिथलं सरकारच बेकायदेशीर, त्यामुळे त्याचे निर्णयही.

यातल्या एकाही कलमाने रशियन फौज तसूभर हलली नाही. ती हलणारही नव्हती. कायद्याचा रोख होता तिऱ्हाइतांवर: किनाऱ्यावर हॉटेल बांधू पाहणारा, माल नेणारा, आणि मान्यतेचा कागद हातात धरून विचारात पडलेला एखादा लहानसा देश.

निकाराग्वा, व्हेनेझुएला, नाउरू आणि २०१८मध्ये सीरिया रशियाच्या मागोमाग गेले. वानुआतू आणि तुवालू २०११मध्ये गेले, पण २०१३ आणि २०१४मध्ये जॉर्जियाशी संबंध जोडून परत फिरले. प्रशांत महासागरातल्या या चिमुकल्या बेटांना एवढा भाव क्वचितच आला असेल! २०१७मध्ये अमेरिकेने आपल्या खर्चाच्या कायद्यातच कलम घातलं: या प्रदेशांना मान्यता देणाऱ्या देशाच्या केंद्र सरकारला मदत बंद.

झळ बसते ती पुलावर. पलीकडच्या गाली जिल्ह्यात आजही जॉर्जियन लोक राहतात. पेन्शनसाठी, दवाखान्यासाठी म्हातारीकोतारी माणसं झुगदिदीला येतात, आणि पलीकडचे पहारेकरी मनात येईल तेव्हा फाटक बंद करतात.

वीज मात्र अडत नाही. इंगुरी धरणाची भिंत जॉर्जियाकडे, वीजघर गालीत. एकट्याने ते कुणालाच चालवता येत नाही. म्हणून १९९०च्या दशकापासून दोन्ही बाजू अनौपचारिक समझोत्याने वीज वाटून घेत आल्या आहेत.