बिटाचा रंग, कवठाची जेली

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या भाजीबाजारात हिवाळ्यात सर्वाधिक जागा भरताच्या वांग्यांनी व्यापलेली असते, आणि कोशिंबिरीपुरते घेतले जाणारे बीट त्यांच्या शेजारी एखाद्या टोपलीत पडलेले दिसते. या दिवसांत, महाशिवरात्रीच्या सुमारास, बाजारात कवठेही येऊ लागतात. आपण पाहणार आहोत ती जेली या दोन्ही जिनसांची आहे, कारण एकट्या बिटापासून जेली जमत नाही.

जेली जमण्यासाठी तीन गोष्टी लागतात: पेक्टिन, आंबटपणा आणि भरपूर साखर. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी १८२५ मध्ये नाव दिलेले पेक्टिन हे फळांच्या पेशींना धरून ठेवणारे द्रव्य आहे; आंबट आणि दाट साखरपाकात त्याचे धागे परस्परांत गुंततात, आणि त्या जाळ्यात रस अडकून राहतो. त्यासाठी रसाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ३ च्या आसपास असावा लागतो. शिजवलेल्या बिटाचा सामू साधारणपणे साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान असतो, म्हणजे आंबटपणाच्या कसोटीवर बीट नापास होते, आणि त्याच्या रसात उतरणारे पेक्टिनही जेली धरण्यास पुरेसे पडत नाही. बाजारातील जिलेटिन प्राणिजन्य असल्यामुळे अनेक घरांत ते चालत नाही. अर्धवट पिकलेल्या कवठात मात्र पेक्टिन आणि आंबटपणा दोन्ही सापडतात, मग पाकिटातल्या पुडीकडे जाण्याचे कारणच काय?

कवठ फोडून त्याचा गर बुडेल इतक्या पाण्यात अर्धा तास मंद आचेवर शिजवला जातो आणि सुती कापडात बांधून रात्रभर टांगून ठेवला जातो. पुरचुंडी पिळण्याचा मोह आवरावा लागतो. पिळल्यास गराचे कण रसात उतरतात आणि जेली गढूळ होते.

बिटाचे काम रंग देण्याचे आहे, आणि हा रंग जपणे हेच या कृतीतले खरे कौशल्य म्हणावे लागेल. बीटानिन नावाचे हे रंगद्रव्य पाण्यात सहज विरघळते, पण दीर्घकाळ उकळल्यास, प्रकाशात किंवा हवेत राहिल्यास तपकिरी पडत जाते. म्हणून बिटाच्या फोडी थोड्याच पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवून रस वेगळा गाळून ठेवतात. पातेले स्टीलचे घेतात, कारण लोखंडाचा अंश उतरला तर रंग आणि चव दोन्ही बिघडतात. आता चार वाट्या कवठाच्या रसात तीन वाट्या साखर आणि एका लिंबाचा रस घालून मोठ्या आचेवर उकळी आणली जाते, वर येणारी मळी झाऱ्याने काढली जाते, आणि पाक दाटू लागल्यावरच बिटाचा एक वाटी रस त्यात ओतला जातो. सुरुवातीलाच ओतणारे लोक आहेत; त्यांची जेली चवीला उणी नसते, पण गुळाच्या काकवीसारखी दिसते.

बिटाचा मातकट वास अनेकांना नकोसा वाटतो. तो जिओस्मिन या द्रव्यामुळे येतो, आणि पहिल्या पावसानंतर जमिनीतून उठणाऱ्या गंधातही हेच द्रव्य असते. आम्लात त्याचे विघटन होते, शिवाय कवठाचा स्वतःचा वास जबर असल्यामुळे येथे त्याचा उपद्रव जाणवत नाही.

पाकाचे तापमान १०५ अंश सेल्सिअसच्या जवळ पोहोचले की आच बंद करतात. तापमापक नसल्यास पाकाचे दोन थेंब थंड ताटलीत टाकून बोटाने ढकलतात. वर सुरकुती उमटली तर जेली झाली, थेंब पसरला तर आणखी दोन-तीन मिनिटे. कोरड्या, उकळत्या पाण्यात धुतलेल्या काचेच्या बरण्यांत ती गरम असतानाच भरली जाते.

बीट ही कमी आंबटपणाची भाजी असल्यामुळे अंदाजाने केलेली ही जेली बाहेर फडताळात ठेवू नये, आणि मार्चनंतरच्या खानदेशी उन्हात तर मुळीच नाही. फ्रिजमध्ये, झाकण घट्ट लावून ठेवावी, आणि तीन आठवड्यांत संपवावी. कापडात उरलेला कवठाचा चोथा फेकू नये. गूळ, जिरे आणि तिखट घालून वाटला की त्याची चटणी होते, आणि ती ज्वारीच्या भाकरीबरोबर जेलीपेक्षाही चांगली लागते.