वाकलेली पेशी, अडलेले रक्त

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर, हिवाळ्यात एखाद्या दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या हातापायांची बोटे एकाएकी सुजतात आणि ते कोणाला हात लावू देत नाही. पाहणाऱ्याला हा मुका मार वाटतो. प्रत्यक्षात सिकलसेल आजारामुळे त्या बोटांच्या हाडांतले रक्त अडलेले असू शकते.

या आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते, आणि हा बदल आई व वडील या दोघांकडून आलेला असतो. फुप्फुसातून ऑक्सिजन घेऊन निघालेली तांबडी पेशी बहुधा गोलच असते. ऑक्सिजन देऊन झाला, की आतले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे लांब दोरे बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकून ताठरते. निरोगी पेशी स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही अंग चोरून निघून जाते, ताठर पेशीला ते साधत नाही.

मात्र हे दोरे जमायला थोडा अवधी लागतो, आणि सगळे त्या अवधीवर ठरते. तेवढ्यात पेशी केशवाहिनी ओलांडून रुंद शिरेत पोहोचली, तर ती फुप्फुसात जाऊन पुन्हा पूर्ववत होऊ शकते. थंडीने वाहिन्या आकसल्या, की रक्त मंदावते, पेशी वाटेतच वाकतात, त्यांच्यामागे आणखी पेशी अडकतात आणि पुढचा भाग ऑक्सिजनविना कळा देऊ लागतो. शरीरातले पाणी घटले तर पेशीतले हिमोग्लोबिन दाट होऊन दोरे फार लवकर जमतात. म्हणूनच डॉक्टर गोळ्यांइतकाच भरपूर पाणी पिण्याचा आग्रह धरतात; ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या मजुराला फडातल्या उन्हात हे पथ्य कसे पाळता यावे, हा प्रश्न औषधाच्या चिठ्ठीवर सुटत नाही.

निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस टिकते, वाकणारी पेशी जेमतेम 10 ते 20 दिवस. त्यामुळे पंडुरोग कायमचा राहतो आणि डोळे पिवळसर दिसतात. कधी रक्त पाणथरीत (प्लीहेत) साचून लहान मुलाचे पोट फुगते, तेव्हा मात्र तासाभराचाही उशीर परवडत नाही. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने, गर्भातल्या बाळाच्या रक्तात असते त्या प्रकारच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते आणि दोरे जमणे लांबते.

1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात आदिवासी भागांतील तपासणीवर भर आहे. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब द्रावणात टाकल्यावर ते गढूळ झाले, तर पुढची चाचणी करावीच लागते, कारण नुसत्या गढूळपणावरून माणूस वाहक (बदल एकाच पालकाकडून आलेला) आहे की रुग्ण, हे कळत नाही.