रूथ ब्राउनचं खातं

[दृश्य: फिरणारी तबकडी, अगदी जवळून. सुई टेकते.]

ही तबकडी 1953 सालची. मिनिटाला 78 फेरे. पिवळ्या लेबलावर काळ्या अक्षरांत गायिकेचं नाव आहे, रूथ ब्राउन. आधी खंजिरीचा ठेका येतो, मग आवाज. शब्द संपता संपता हा आवाज चटकन वर उडी घेतो आणि किंचित चिरकतो. अमेरिकेत रिदम अँड ब्लूज, म्हणजे काळ्या कलाकारांचं ठेकेबाज लोकप्रिय संगीत, ऐकणारा माणूस तेवढ्यावरून तिला ओळखायचा.

[दृश्य: पोर्ट्समथची गोदी.]

व्हर्जिनियातलं पोर्ट्समथ. 12 जानेवारी 1928 ला रूथचा जन्म इथला. सात भावंडांत ती थोरली. वडील गोदीत राबायचे आणि चर्चचा गायनवृंद सांभाळायचे. घरात भक्तिगीतं चालायची, ब्लूज चालायचं नाही. रूथ चोरून क्लबात गायची. 1945 मध्ये ती जिमी ब्राउन नावाच्या ट्रम्पेटवादकाबरोबर घरातून पळाली. ते लग्न टिकलं नाही, आडनाव मात्र कायम राहिलं.

[दृश्य: रात्रीचा रस्ता, समोरून येणारे दिवे.]

ऑक्टोबर 1948. वॉशिंग्टनच्या क्लबात तिचं नाव होऊ लागलं होतं. तो क्लब चालवणाऱ्या ब्लांश कॅलोवे तिला न्यूयॉर्कला घेऊन निघाल्या होत्या. तिथे हार्लेमचं अपोलो थिएटर होतं आणि अटलांटिक नावाची नवी रेकॉर्ड कंपनी तिची वाट पाहत होती. पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टरजवळ गाडीला अपघात झाला. रूथचे दोन्ही पाय जबर जखमी झाले, कित्येक महिने ती अंथरुणाला खिळून होती.

तिच्या एकविसाव्या वाढदिवशी कंपनीचे अहमत एर्टेगन इस्पितळात आले ते करारपत्र घेऊनच. रूथने पडल्या पडल्या सही केली. 1949 मध्ये ती पहिल्यांदा स्टुडिओत गायली, तेव्हा काखेत कुबड्या होत्या.

पुढच्याच वर्षी 'टियरड्रॉप्स फ्रॉम माय आइज' आलं आणि रिदम अँड ब्लूजच्या यादीत 11 आठवडे पहिलं राहिलं. मग एकामागून एक गाणी गाजली. लोक अटलांटिकला 'रूथने बांधलेलं घर' म्हणू लागले.

[दृश्य: दक्षिणेतली तंबाखूची जुनी वखार. आत उभे खांब.]

दक्षिणेत अशा वखारींतही कार्यक्रम व्हायचे. मधोमध दोर बांधलेला असायचा, एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला काळे. तिचीच गाणी पॅटी पेज, जॉर्जिया गिब्ज या गोऱ्या गायिका गायच्या आणि गोऱ्यांच्या रेडिओवर ती वाजायची.

[दृश्य: हिशोबाच्या वहीचं पान. लेखणी खाली सरकते.]

आता हे पान नीट बघा. तबकडी विकली की गायिकेला रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला ठरलेला हिस्सा, मिळायची, पण हातात पडायची नाही. आधी स्टुडिओचं भाडं वजा व्हायचं. मग वादकांचे पैसे, मग संगीतरचना करणाऱ्याचे. गाताना घेतलेली रक्कमसुद्धा उचल म्हणून तिच्याच नावावर चढायची. गाणं चाललं नाही तर त्याचा खर्च पुढच्या गाण्यातून कापला जायचा. तबकड्या किती खपल्या हे सांगणार कंपनी, आणि वहीही कंपनीचीच. जिच्या गळ्यावर ही कंपनी उभी राहिली, ती त्या वहीत देणेकरी होती! एकट्या रूथची ही गत नव्हती, तिच्या पिढीतल्या कित्येकांची खाती अशीच होती.

1961 मध्ये तिने अटलांटिक सोडली.

[दृश्य: लाँग आयलंड, सकाळ. स्कूलबस. आधी काही क्षण निवेदन नाही.]

दोन मुलं वाढवायची होती. रूथने लोकांच्या घरी धुणीभांडी केली, शाळेची बस चालवली. सत्तरच्या दशकात विनोदी नट रेड फॉक्स यांनी तिला पुन्हा रंगमंचावर आणलं.

[दृश्य: तबकडीचं जुनं वेष्टन, त्यावर सही करणारा हात.]

ऐंशीच्या दशकात हॉवेल बेगल नावाचे वकील तिची जुनी रेकॉर्ड घेऊन सहीसाठी आले. ते तिचे चाहते. या रेकॉर्डचे आपल्याला काहीच मिळत नाहीत, असं रूथने त्यांना सांगितलं. बेगल यांनी करारपत्रं मागवली, हिशोब तपासले. इतर गायकांची खातीही बाहेर काढली. वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, वर्तमानपत्रांत वाचा फोडली. स्वतः रूथ अमेरिकन संसदेच्या समितीपुढे जाऊन बोलली.

1988 मध्ये अटलांटिकने रूथची आणि तिच्या काळातल्या इतर 35 कलाकारांची देणी माफ केली, 20 वर्षांची थकलेली रॉयल्टी दिली. त्यातूनच वृद्ध कलाकारांसाठी रिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभं राहिलं.

[दृश्य: ब्रॉडवेचा रंगमंच, दिवे.]

1989 मध्ये तिला रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला, 1993 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला. 17 नोव्हेंबर 2006 रोजी रूथ गेली.

[दृश्य: पुन्हा तीच तबकडी. सुई सुरुवातीला येते.]

गाणं तीन मिनिटांहूनही कमी आहे. आता मध्ये न बोलता पूर्ण ऐकू या.