मेंदूच्या रक्तवाहिन्यांत साचणारं प्रथिन

मंडळी, शाहू स्मारकच्या सभागृहात आज साठी ओलांडलेले बरेच जण दिसतायत, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

मेंदूत रक्तस्राव झाला की घरचे म्हणतात, "बीपी वाढलं, नस फुटली." बऱ्याचदा ते खरं असतं. असा रक्तस्राव बहुधा मेंदूच्या खोल भागात होतो. पण वयस्कर माणसाला वरच्या थरालगत, त्यातही मागच्या बाजूला रक्तस्राव झाला, तर आम्हाला वेगळा संशय येतो: सेरेब्रल अमायलॉइड अँजिओपॅथी, म्हणजे सीएए.

बीटा अमायलॉइड हे प्रथिन तुमच्याआमच्या सगळ्यांच्याच मेंदूत रोज तयार होतं आणि रोज बाहेरही टाकलं जातं. बाहेर पडायची एक वाट बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतूनच जाते. वय वाढतं, निचरा मंदावतो आणि प्रथिन भिंतीत बसायला लागतं. हाच सीएए. अल्झायमरमध्ये पेशींच्या मधल्या जागेत साचतं ते हेच. दोन्ही आजार अनेकदा एकाच मेंदूत सापडतात.

खरी अडचण पुढं आहे. वाहिनीच्या भिंतीत स्नायूपेशी असतात. त्यांच्या आकुंचन-प्रसरणानं निचऱ्याला जोर मिळतो, असं मानलं जातं. साचलेल्या प्रथिनानं याच पेशी मरतात. मग निचरा आणखी घटतो, प्रथिन आणखी साचतं. एकदा हे चक्र सुरू झालं की आजार स्वतःच स्वतःला वाढवत नेतो.

नेदरलँड्समधल्या काही घराण्यांत हा आजार जनुकातून येतो, तोही लवकर. त्या कुटुंबांतली माणसं लक्षणं नसतानाही तपासणीला आली, त्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. एमआरआयमध्ये झोपवून त्यांना लुकलुकणारा चौकटींचा पट दाखवला. एरवी डोळ्यांना असं काही दिसताच मेंदूच्या मागच्या भागात रक्त लगेच धावतं. यांच्यात ते उशिरा आणि कमी पोचत होतं, रक्तस्रावाचा मागमूस नसताना! अशा अभ्यासांवरून 2023 साली संशोधकांनी क्रम मांडला: आधी प्रथिन साचतं, मग वाहिनी प्रतिसाद देईनाशी होते, मग मेंदूतल्या पांढऱ्या भागाची, म्हणजे पेशींना जोडणाऱ्या तंतूंची हानी, आणि शेवटी रक्तस्राव. या सगळ्याला दोन-तीन दशकं लागतात.

आता एक लक्षण नीट ऐका. बोटांत मुंग्या येतात, हळूहळू हातावर, कधी चेहऱ्यापर्यंत सरकतात आणि काही मिनिटांत थांबतात. लोक म्हणतात, "लकव्याचा सौम्य झटका." मग रक्त पातळ करायची गोळी सुरू होते. कारण सीएए असेल, तर तीच गोळी घातक ठरू शकते. म्हणून अशा वेळी एमआरआयमध्ये रक्ताचे जुने डाग दाखवणारी एसडब्ल्यूआय ही तपासणी करून घ्या. मोहरीएवढे काळे ठिपके वरच्या थरात दिसले, तर उपचाराची दिशाच बदलते. मात्र स्टेंट बसवलेल्यांनी आजचं ऐकून घरी जाऊन गोळी बंद करायची नाही. तो निर्णय डॉक्टरांसोबतच घ्यायचा.

साचलेलं प्रथिन वाहिन्यांतून काढून टाकणारं, सिद्ध झालेलं औषध आज नाही. पण बीपी आपल्या हातात आहे. पेरिंडोप्रिल या औषधावर आधारलेल्या एका मोठ्या चाचणीत सीएएशी निगडित रक्तस्रावाचा धोका 77 टक्क्यांनी घटला होता. तेव्हा खर्डा, लोणचं, पापड यांतलं मीठ मोजा, बीपीची गोळी चुकवू नका, आणि "मला काही त्रास नाही" म्हणून ती बंद तर अजिबात करू नका.