बोर्डामागची काळी वायर

हा आईच्या बेडरूमचा बोर्ड. चार स्विच, पंख्याचं रेग्युलेटर आणि खाली एक प्लग, तुमच्या घरी पण साधारण असाच असेल. तिचे गुडघे दुखतात, रात्री दिवा बंद करायला पलंगावरून उठावं लागतं, म्हणून म्हटलं इथे स्मार्ट स्विच बसवू, मोबाईलवरून नाहीतर नुसतं बोलून दिवा बंद होईल. सामान आणलं, प्लेट काढली, आणि आतून हा वायरींचा गुंता बाहेर आला.

बघा, लाल किती आहेत. आपल्याकडची पद्धत अशी की लाल म्हणजे फेज (करंट घेऊन येणारी), काळी न्यूट्रल (करंट परत नेणारी), हिरवी अर्थिंग (बिघाड झाला तर करंट जमिनीत नेणारी). पण काम चालू असताना ज्याच्या हाताशी जे बंडल होतं तेच त्याने ओढलेलं असतं, त्यामुळे बल्बकडे जाणारी वायर पण लालच, आणि दुसऱ्या एखाद्या घरात चक्क काळ्या वायरमध्ये फेज सापडते. म्हणून रंग बघून अंदाज करा, पण खात्री टेस्टर आणि मल्टिमीटरनेच करा, त्यालाच मी पुढे मीटर म्हणतोय. इथे 230 व्होल्ट आहेत.

आधी लाईट बंद. आणि इथेच माझा हात थोडक्यात वाचला. मी बेडरूमचा एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी असतो तो खटका, खाली पाडला, पंखा थांबला, मला वाटलं झालं बंद. सवयीने टेस्टर लावला तर एका स्विचवर लख्ख पेटला! कारण दिवा होता इन्व्हर्टरच्या लाईनवर. लोडशेडिंगच्या दिवसात घराघरात इन्व्हर्टर आले तेव्हा एकाच बोर्डात दोन फेज आल्या, एक विजेच्या मीटरकडून आणि एक बॅटरीकडून, आणि एमसीबी पाडून बॅटरी काही थांबत नाही. तेव्हा मेनचा डीपी, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मुख्य स्विच, बंद करा, इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, आणि मगच बोर्डाला हात लावा. टेस्टर पण आधी चालू प्लगमध्ये घालून तपासा, पेटतोय ना, कारण टेस्टर बिघडला असेल तर तो सगळीकडे करंट नाही असंच सांगणार.

आता मोबाईलने फोटो काढा. एक समोरून, एक बाजूने. मग चिकटपट्टीचे तुकडे करून प्रत्येक वायरला नंबर द्या, एकही स्क्रू सोडायच्या आधी.

या लहान लहान वायरी दिसतायत, एका स्विचवरून दुसऱ्यावर उड्या मारत गेलेल्या? हा लूप. एकच फेज येते आणि लूपने सगळ्या स्विचना वाटली जाते, मधला एक तुकडा काढला की पुढचे स्विच मेले, आणि मग माणूस तासभर शोधत बसतो की पंखा का बंद पडला. स्विचच्या दुसऱ्या टोकाला जी एकटी वायर आहे ती सरळ बल्बकडे जाते, तिला वायरमन लोक हाफ वायर म्हणतात. ओळखायची कशी? मेन आणि इन्व्हर्टर परत चालू करा, हात लांब, फक्त टेस्टरचं टोक लावा. स्विच बंद असताना ज्या टोकाला टेस्टर पेटतो ती फेज, आणि स्विच चालू केल्यावरच जी पेटते ती हाफ वायर. शेजारच्या वायरीमुळे हाफ वायरवर कधी कधी अगदी मिणमिणता उजेड दिसतो, त्याला फसू नका, तिथे मीटर लावून बघा.

राहिली न्यूट्रल, आणि सगळं अडतं ते हिच्यापाशीच. साध्या स्विचला न्यूट्रल लागतच नाही, तो नुसती फेज जोडतो आणि तोडतो. पण स्मार्ट स्विचच्या आत वायफाय आहे, दिवा बंद असला तरी ते जागं राहिलं पाहिजे, आणि त्यासाठी त्याला फेज आणि न्यूट्रल दोन्ही चोवीस तास हवेत. आपलं नशीब असं की बोर्डात बहुतेक वेळा प्लग असतो, त्यामुळे न्यूट्रल तिथपर्यंत आलेली असते. समोरून बघितलं तर वरचं मोठं भोक अर्थिंग, उजवं फेज, डावं न्यूट्रल. बाथरूमबाहेर एकटा स्विच असेल तिथे मात्र न्यूट्रल सापडेलच असं नाही. बिनन्यूट्रलचे स्मार्ट स्विच पण मिळतात, पण ते बल्बमधूनच थोडा करंट घेतात, म्हणून छोटा एलईडी कधी कधी रात्रभर मंद पेटत राहतो किंवा लुकलुकतो.

आता हे नीट ऐका. फेज आणि न्यूट्रलमध्ये मीटर 230 च्या आसपास दाखवतं, पण फेज आणि अर्थिंगमध्येही तेवढंच दाखवतं! म्हणजे नुसत्या आकड्यावरून हिरवी आणि काळी वेगळी कळत नाही. आणि न्यूट्रल सापडत नाही म्हणून स्विच अर्थिंगवर चालवला तर तो चालेल पण, पण अर्थिंग कुठे तुटली असेल तर तोच करंट फ्रीजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर येतो. असं कधीच करू नका. मी काय केलं, डीपी आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद, घरातल्या सगळ्या उपकरणांच्या पिना काढलेल्या, मीटर बीपवर, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो. एक टोक प्लगच्या डाव्या भोकात, दुसरं संशयाच्या काळ्या वायरला. बीप. मग वरच्या मोठ्या भोकात. शांत. डीपी दोन्ही वायरी तोडतो म्हणून हा फरक दिसतो. आणि इन्व्हर्टरची न्यूट्रल वेगळी ओढलेली असेल तर ज्या लाईनची फेज त्याच लाईनची न्यूट्रल घ्यायची, नाहीतर आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईन तोडणारा खटका, सारखा पडत राहतो. जिन्यातला टू-वे स्विच, म्हणजे एकच दिवा वरून आणि खालून दोन्हीकडून चालवणारा, असेल, किंवा आत जळकी, ठिसूळ वायर दिसली, तर तिथे थांबा आणि परवाना असलेल्या वायरमनला बोलवा. गीझरच्या स्विचला तर मी हातच लावला नाही.

बाकी जोडणी दहा मिनिटांची. फेज, न्यूट्रल, हाफ वायर, प्रत्येक स्क्रू आवळून वायर ओढून बघितली. प्लेट बंद करायच्या आधी आतल्या बाजूला कागद चिकटवला, पेनने लिहून: लाल 1 इन्व्हर्टर फेज, लाल 2 पंख्याची हाफ वायर, लाल 3 दिव्याची हाफ वायर, काळी न्यूट्रल, इन्व्हर्टरची. पुढच्या वेळी बोर्ड उघडणारा कदाचित मी नसेन.