पद्मिनी थरथरते तेव्हा आधी रबर बघा

मंडळी, विषय जाहीर झालाय तो पद्मिनी गाडीचं माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते, बदलणं आणि इंजिन रेषेत बसवणं. तिकडे येतोच. पण एक गोष्ट बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सिग्नलला थरथरणारी आणि वेग घेतला की शांत होणारी पद्मिनी गॅरेजात नेली, की सगळ्यांचे हात पहिल्यांदा कार्बोरेटरकडेच का जातात?

माझ्या एका स्नेह्यांची गाडी. वडिलांनी घेतलेली, जिवापाड जपलेली. उभी असली की आरसा इतका हलायचा की मागच्या एका बसच्या दोन दिसायच्या. हसताय, म्हणजे तुमच्याकडेही दिसतात! गॅरेजवाल्यानं आधी प्लग बदलले, मग पॉइंट, मग कार्बोरेटर उघडून जेट साफ केले. फरक शून्य. मग आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाची इंजिनाची गती, वाढवून दिलं. थरथर जरा दबली, पेट्रोल मात्र जास्त जायला लागलं. शेवटी निकाल आला, ‘काका, इंजिन काढून बोअर करावं लागेल,’ म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून मोठे करायचे. काकांनी पैशांची जुळवाजुळव सुरू केली. मी बोनेट उघडलं आणि त्यांना म्हटलं, ब्रेक घट्ट दाबा, पहिला गिअर टाका आणि क्लच किंचित सोडा. इंजिनाची डावी बाजू चांगली वर उचलली गेली. त्या बाजूच्या माउंटिंगचं रबर आणि लोखंडी पट्टी यांचा सांधाच सुटला होता. उजवीकडचं रबर गळतीचं ऑइल पिऊन फुगलेलं.

डावंच का सुटलं? पुढे जाताना इंजिन चाकांना पिळतं, तसं स्वतः उलट्या बाजूला पिळलं जातं. डावीकडचं माउंटिंग ओढलं जातं, उजवीकडचं दाबलं जातं. रबर दाब वर्षानुवर्षं सोसतं, ओढ सोसत नाही. काकांच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, चारही सिलिंडरना व्यवस्थित होतं. बोअर करायला सांगण्याआधी ते कोणी मोजलंच नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

आता वेगात शांत का, ते सांगतो. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. मिनिटाला ७०० फेरे म्हणजे सेकंदाला साधारण २३ धक्के, ३००० फेऱ्यांना १००. रबरावर बसलेल्या इंजिनालाही स्वतःची डोलण्याची एक गती असते. ती २३ च्या बरीच खाली असेल तर धक्का बॉडीपर्यंत फारसा पोचत नाही. रबर उष्णतेनं कडक झालं की ती गती वर सरकते, २३ ला येऊन भिडते आणि गाडी नाचू लागते. सेकंदाला १०० धक्के बसतात तेव्हा दोघांची गाठच पडत नाही. म्हणून टायरचा तुकडा कापून माउंटिंग करून देणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नका करू. मजबुती पुष्कळ मिळते, पण इथे मऊपणाच हवा असतो.

ही समज जुनी आहे. अमेरिकेच्या क्रायसलर कंपनीनं १९३१ साली आपल्या प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ नावाची माउंटिंगची रचना आणली. पुढचं माउंटिंग उंचावर, मागचं खाली, म्हणजे दोन्हींना जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्याजवळून जाते आणि इंजिन त्या रेषेभोवती डोलतं. सित्रोएन या फ्रेंच कंपनीनं तीच युक्ती फ्रान्सला नेली आणि जाहिरातीत पोहणारा हंस लावला. आपली पद्मिनी बनवणाऱ्या, वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याचं पहिलं नातंही क्रायसलरशीच, फियाट नंतर आली. म्हणजे ही विद्या आपल्या दारापर्यंत आलेली होती, हे मला फार...

बरं, चिठ्ठी आलीये, पाचच मिनिटं आहेत. भराभर सांगतो.

बॅटरीची तार काढा. सायलेन्सरचा क्लॅम्प ढिला करा, नाहीतर तो इंजिनाला खेचून धरतो. इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरखाली नुसता जॅक लावू नका, पत्रा दबतो. रुंद लाकडी फळी मध्ये घ्या, आणि ती चेंबरच्या कडेला लावा. इंजिन फक्त वजन सुटेल इतकंच उचला. पंखा रेडिएटरला आणि होस ताणाला लागत नाही ना, बघत राहा. दोन्ही बाजूंची आणि गिअरबॉक्सखालची माउंटिंग एकदम बदला. एकच नवं टाकलं तर इंजिन तिरकं बसतं. जुने वायसर आणि शिम, म्हणजे उंची जुळवायच्या पातळ पट्ट्या, ज्या जागचे त्या जागी.

सगळे बोल्ट आधी हातानंच. इंजिन खाली टेकवा, दोन्ही हातांनी हलवून त्याला आपली जागा घेऊ द्या, मग आवळा. आधीच आवळलं तर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं. पंख्याचं अंतर चारही बाजूंनी तपासा. खालून प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याचा, कोन बघा. गिअरबॉक्सचा मागचा दांडा आणि डिफरन्शिअलचा, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीचा, पिनियन दांडा समांतर हवेत, नाहीतर नवी थरथर सुरू होते. स्टिअरिंगवरचा गिअर अडखळत असेल तर गिअरच्या दांड्यांची लांबी आता जुळवा, आधी नाही. सायलेन्सरचा क्लॅम्प सगळ्यात शेवटी.

आणि जाता जाता, इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी विसरू नका. माउंटिंगच्या रबरातून वीज जात नाही. पट्टी सुटी राहिली तर स्टार्टरचा सगळा करंट चोकच्या तारेतून वाट काढतो आणि ती तार लाल होऊन जळते.